दोन ओळींच्या मधोमध

आडे सरांना 'इत्यादी' हा शब्द सहन होत नसे. कुणाचाही कागद हातात पडला की ते आधी त्यातला इत्यादी शोधत, मग वगैरे शोधत, आणि सापडला की डाग घालवावा तसा त्यावर अंगठा घासत. "इत्यादीला खण न्हाई, बाई," ते म्हणत. "तक्त्यात बसवायचा म्हटलं तर कोन्या खणात बसवू त्याला?"

मी त्यांच्या हाताखाली आले तेव्हा माझ्या लिहिण्यात इत्यादी फार असत. उद्गारचिन्हं त्याहून जास्त. माझे वडील आखाडा बाळापूरला शिलाईचं काम करत आणि मशीन बंद असलं की पत्रकं लिहीत. पाण्यावर, रेशनवर, कापसाच्या काट्यावर, दवाखान्यात डॉक्टर नसण्यावर. आमच्या घरात कापडाच्या कातरणांएवढीच पत्रकं असत. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. 'बंधूंनो आणि भगिनींनो' हे मी स्वतःहून वाचलेलं पहिलं वाक्य. जगातलं कोणतंही दुःख एका कागदावर, पाठपोट, शेवटी सणसणीत घोषणा देऊन सांगता येतं अशी माझी पक्की समजूत होती, आणि तक्ता म्हणजे सरकारची भाषा वाटायची. 'माणसाला मारायचं असेल तर आधी त्याला तक्त्यात घालतात,' असं मी वक्तृत्व स्पर्धेत गरजले होते आणि बक्षीसही मिळवलं होतं. परीक्षक आडे सर होते. बक्षिसाचा पेला हातात देताना ते हळूच म्हणाले, "भाषण झ्याक झालं. तक्ता काढलाय का पण कधी?"

वसमतच्या आमच्या कॉलेजात ते गणित शिकवत. ठेंगणे, रुंद खांद्यांचे, केस मागं चापून बसवलेले. शर्टाच्या खिशात फुटाणे असत, पेन नसे. पेन ते विद्यार्थ्यांचं मागून घेत आणि न चुकता परत करत. मुलांना 'मालक' म्हणत आणि मुलींना 'बाई'. "काय मालक, गृहपाठाला आज सुट्टी दिली का?" असं विचारलं की पोरगं मान खाली घालायचं. खुर्चीवर बसताना दोन्ही पाय वर घेऊन मांडी घालत. प्राचार्यांनी एकदा त्यावरून टोकलं तेव्हा म्हणाले, तांड्यावर खुर्ची नव्हती, खुर्चीची रीत शिकायची राहून गेली. ते तांड्यावरचे आहेत हे ते असं सहज, फुटाणा तोंडात टाकावा तसं सांगून टाकत. त्यांचे आजोबा बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरले होते. वडील माळावर शेती करून राहिले. सर शिकले. ह्याचं त्यांनी कधी भाषण केलं नाही. मी असते तर पत्रक काढलं असतं.

तक्त्यांचं वेड त्यांना कॉम्प्युटरच्या आधीपासूनचं. मी कॉलेजात यायच्या बऱ्याच आधी, नव्वदच्या दशकात, कॉलेजचं वेळापत्रक ते ड्रॉइंगच्या मोठ्या कागदावर हातानं काढत. तेव्हाची एक गोष्ट स्टाफरूममध्ये अजून सांगत. वेळापत्रकात आडवे वार नि उभे तास, आणि मधोमध 'मधली सुट्टी'चा एक उभा रकाना, सोमवारपासून शनिवारपर्यंत सलग, त्यात एकाखाली एक अक्षरं लिहिलेली. शनिवारी कॉलेज अर्धा दिवस असे आणि त्या दिवशी मधली सुट्टी नव्हतीच. पण रकाना सलग खाली येई, म्हणून सगळे शनिवारीही चहाला उठत. कुणाला त्यात काही गैर वाटत नव्हतं. कागदावर होतं ना. सरांनी नवं वेळापत्रक काढलं तेव्हा तो उभा रकाना शुक्रवारीच थांबवला आणि शनिवारच्या जागी तास घातला. त्या शनिवारी स्टाफरूममध्ये दंगा झाला. फिजिक्सचे सर, जे एरवी सरांचे जिवलग, म्हणाले, "आडे, तुमच्या एका रेघेनं आमचा चहा काढला." सर म्हणाले, "रेघ आधी लांब गेली व्हती. मी तिला घरी आणली."

मग कॉलेजात कॉम्प्युटर आला. आमचा जिल्हा परभणीतून नुकताच वेगळा झाला होता. सगळ्या कचेऱ्या नव्या, सगळे कागद नव्यानं मांडायचे, आणि त्या उत्साहात आमच्या कॉलेजालाही एक यंत्र मिळालं. ते प्राचार्यांच्या खोलीशेजारी, पडदा घातलेल्या टेबलावर, देवासारखं बसवलं होतं. आडे सर उन्हाळी शिबिराला विद्यापीठात गेले आणि येताना एक सीडी घेऊन आले. तिच्यावर लाटेक होतं.

लाटेक म्हणजे पान मांडायची एक रीत. पान कसं दिसावं हे तिथं हातानं ओढून-ताणून ठरवायचं नसतं, शब्दांत सांगायचं असतं. इथं मथळा, इथं सूत्र, इथं तक्ता, इथं रेघ. सांगून झालं की यंत्र ते सगळं वाचतं आणि पान बांधून देतं. चूक असली तर बांधत नाही, कुठल्या ओळीत अडलं ते सांगतं. मराठी लिहायचं तर आणखी कुटाणा होता. आधी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची, ती एका छोट्या प्रोग्रामातून गाळून घ्यायची, मग लाटेकला द्यायची. बाकीचे प्राध्यापक माउस धरून खिडक्या उघडत बसले होते आणि सर मात्र काळ्या पडद्यावर पत्र लिहावं तसं यंत्राला लिहीत. चूक दाखवणारा संदेश आला की आम्ही घाबरायचो. सर मांडी घालून तो मोठ्यानं वाचत आणि म्हणत, "तो रागावला न्हाई, सांगून राहिला. कोनी सांगत असलं तर ऐकून घ्यावं."

यंत्र एकच, शिकणारे आम्ही पाच-सहा, आणि वीज तर आमच्याकडं पाहुण्यासारखी. मग सरांनी एक शक्कल काढली. वीज गेली की ते फळ्यापुढं उभे राहत आणि स्वतःच यंत्र होत. आम्ही एकेक ओळ सांगायची, त्यांनी सांगितलं तेवढंच काढायचं. डोकं लावायचं नाही.

तक्त्यातल्या दोन खणांमधली भिंत म्हणजे '&' ही वळणदार खूण; सर तिला आकडी म्हणत. संजय खंदारे नावाचा आमच्यातला एक जण आपल्या घराचा तक्ता सांगत होता. नाव, वय, शिक्षण. आजीच्या ओळीत तो नावानंतरची एक आकडी जास्त बोलला. सरांनी मुकाट्यानं वयाचा खण रिकामा सोडला आणि सत्तर हा आकडा पुढं, शिक्षणाच्या रकान्यात लिहिला. "आजी सत्तरावी पास," सर म्हणाले. "बापाला सांगा, नोकरी लावून द्या म्हातारीला." वर्ग हसून लोळला, पण त्या दिवसानंतर आमच्यापैकी कुणाची आकडी चुकली नाही.

खरी मजा जोडलेल्या खणांची. एक नाव तीन ओळींना लागू असेल तर ते तीनदा लिहायचं नाही, तिन्ही खण उभे जोडून मधोमध एकदाच लिहायचं. त्याला मल्टिरो म्हणतात. आडवे जोडायचे तर मल्टिकॉलम. सांगायला सोपं. पण खालच्या ओळींत तो खण रिकामा ठेवूनही त्याची आकडी टाकावीच लागते, नाहीतर सगळी ओळ एक पाऊल डावीकडं सरकते. आणि ओळींच्या मधली रेघ पूर्ण मारायची नसते. जोडलेला खण सोडून पुढूनच सुरू करायची असते, तिला सीलाइन म्हणतात. संजय ते विसरला. 'खंदारे' हे आडनाव तीन ओळींत मधोमध उभं होतं आणि तो म्हणाला, "सर, आता रेघ." सरांनी पट्टी धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ ओढली, खंदारेच्या अंगावरून.

"अहो सर, नावातून गेली की."

"तुमी रेघ म्हणाले. मशीनला काय माहीत तिथं माणूस बसलाय?"

ते असं बोलून जात आणि पुढच्या ओळीला लागत. मी मात्र वहीच्या मागच्या पानावर ते लिहून ठेवी, पुढच्या पत्रकात वापरायला.

जोडण्याबद्दल त्यांचा एकच नियम होता आणि तो ते अभिमानानं सांगत: एकच गोष्ट दोनदा लिहायची न्हाई. एकाखाली एक तेच दिसलं की जोडून टाका. डोळ्याची तकलीफ वाचते, कागद वाचतो. त्यांचे तक्ते खरोखरच देखणे असत. आमच्या भागातल्या कचेऱ्यांमधले तक्ते म्हणजे गिचमिड जंगल. सरांचा तक्ता सारवलेल्या अंगणासारखा. बघताक्षणी पटावा असा. आणि तिथंच घोळ झाला.

एका उन्हाळ्यात कॉलेजच्या मुलांनी बाळापूरच्या पुढं, माळाकडच्या गावांत पाण्याची पाहणी केली. मी दुसऱ्या गटात होते, सखल भागातल्या गावांकडं. माळाकडच्या एका गावाला गेलेल्या गटानं देवळाच्या पारावर बसून चौकशी केली. विहिरी किती, हातपंप किती, टँकरच्या खेपा किती. गावाला रोज दोन खेपा, असं कळलं. गावाच्या वर, चढावर एक तांडा होता. ऊन रणरणत होतं. तांड्याचं काय, असं पोरांनी पारावरच विचारलं. पारावरचे म्हणाले, "त्यांचंबी तेच की." पोरांनी गावाच्या ओळीत 'दोन' लिहिलं आणि तांड्याच्या ओळीत, आपल्याकडं सगळेच लिहितात तशा, 'वरीलप्रमाणे'च्या दोन बारीक रेघा मारल्या.

सरांनी तक्ता बांधला. एकाखाली एक तेच दिसलं. त्यांनी दोन्ही ओळींचे खण जोडले आणि मधोमध लिहिलं: दोन खेपा.

प्राचार्यांना तो अहवाल इतका आवडला की त्यांनी तो स्वतःच्या सहीनं तालुक्याला पाठवला. तिथल्या लोकांनाही आवडला. टंचाईचा आराखडा करायची घाई होती आणि हा तर तयार तक्ता होता, कॉलेजच्या शिक्क्यासकट. त्यांनी तो जसाच्या तसा उचलला.

उन्हाळा तापला तशी एका सकाळी कॉलेजात एक म्हातारा आला. पांढरं धोतर, लाल पागोटं, हातात घडी केलेला कागद. त्या तांड्याचे नाईक, भीमला नाईक. स्टाफरूमच्या दारात त्यांनी नुसतं "आडे मास्तर कोन?" असं विचारलं. मी आणि संजय सरांना वही दाखवत होतो; सर उठून पुढं गेले आणि दोघं गोरमाटीत, तांड्यावरच्या बंजारा बोलीत, बोलू लागले. मला एक शब्दही कळत नव्हता. फक्त नाईकांचं बोट कळत होतं. ते कागदावरच्या एका खणावर टेकलं होतं आणि तिथून हलत नव्हतं.

मग नाईक आम्हाला ऐकू यावं म्हणून मराठीत बोलले. दरवर्षी ते तालुक्याला जाऊन तांड्यासाठी वेगळी खेप मागत. कधी मिळायची, कधी न्हाई, पण मागता तरी यायची. यंदा कारकुनानं हा कागद दाखवला. तुमचं पाणी गावासंगं हाये, कॉलेजनं लिहून दिलंय, जा. टँकर गावच्या विहिरीत रिकामा होतो. आधी गाव भरतं. गावाचं झालं की तांड्याच्या बाया उतरतात आणि तळाचा गाळ शेंदतात.

"इतक्या वर्सांत गावानं आमाला आपल्यात मिसळलं न्हाई, मास्तर," नाईक म्हणाले. "तुमी मिसळून टाकलं. आपलाच मानूस निघाला."

ते रागानं बोलले नाहीत. रागानं बोलले असते तर बरं झालं असतं.

सरांनी कागद घेतला, बराच वेळ पाहिला. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, हे मी केलं." मी म्हणाले, पाहणी करणाऱ्या पोरांनी केलं, पारावरच्यांनी केलं, तालुक्यानं केलं, माझ्या डोक्यात दोषींची यादी तयारच होती. सर म्हणाले, "पोरांनी 'तेच' लिहिलं. ते बोललेलं व्हतं, त्यांनी लिहिलं. मी ते जोडलं. जोडताना विचारायचं काम माझं व्हतं."

त्याच दिवशी दुपारच्या एसटीनं ते नाईकांबरोबर निघाले. मी आणि संजय मागं लागलो. गावापासून तांड्यापर्यंत आम्ही चढ चालत गेलो. वर एक लिंबाचं झाड, त्याच्या खाली रिकाम्या घागरी पालथ्या घातलेल्या. नाईकांच्या सुनेनं आम्हाला पाणी दिलं. गढूळ होतं, कापडानं गाळलेलं होतं, आणि तिनं ते तांब्या भरून दिलं. सर ते सगळं प्यायले. तिनं त्यांना विचारलं, "सर, तुमची याडी पानी कुठून आणायची?" याडी म्हणजे आई.

"खालच्या इहिरीवरून."

"गावाच्या आधी का मागून?"

"मागून," सर म्हणाले.

"मंग तुमाला कळाया पायजे व्हतं," ती म्हणाली आणि तांब्या घेऊन आत गेली.

परतताना चढाच्या मध्यावर एकदा थांबून सरांनी वर पाहिलं, खाली पाहिलं. मग स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाले, "शब्द दोन ओळींच्या मधोमध उभा राहतो. पाणी राहत न्हाई."

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीत जे झालं ते दाराबाहेरून आम्ही सगळ्यांनी ऐकलं. प्राचार्य घाबरले होते. कॉलेजची सही होती, शिक्का होता. त्यांचं म्हणणं, झालं ते झालं; फार तर कॉम्प्युटरची चूक झाली असं एक पत्र पाठवू, कॉम्प्युटरचं म्हटलं की कुणी खोलात जात नाही. सर म्हणाले, कॉम्प्युटरनं चूक केलेली न्हाई, त्याला जे सांगितलं ते त्यानं केलं. मग मुलांची म्हणा, प्राचार्य म्हणाले, मुलंच ती. सरांनी टंचाईच्या बैठकीला जायला मला रजा द्या, एवढंच मागितलं. प्राचार्यांनी रजा दिली आणि वर बजावलं की कॉलेजचं नाव घ्यायचं नाही. सर म्हणाले, "माझंच घेतो."

इकडं मी पत्रक लिहिलं. ते माझं आजवरचं सगळ्यात जळजळीत पत्रक होतं. त्यात पारावरच्यांपासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांची हजेरी घेतली होती. सरांनी ते फुटाणे खात वाचलं. इत्यादीवर अंगठा घासला. उद्गारचिन्हांकडं बघून नाक फेंदारलं. मग विचारलं, "तांड्याच्या बायांना काय पायजे, ते कुठं लिहिलं?"

मी शोधलं. लिहिलेलं नव्हतं.

त्यांनी कागद फाडला नाही की ते हसले नाहीत. म्हणाले, "पहिल्या ओळीत ते लिहा: तांड्याला वर, तांड्यावर, स्वतंत्र खेप. मग बाकीचं सगळं राहू द्या, चांगलं हाये. तुमी हे बाहेर लोकांपुढं वाचा. आत मी तक्ता घेऊन जातो. दोन्ही लागतं."

'दोन्ही लागतं.' माझ्या घरच्यांनी मला आवाज दिला, त्याचं ऋण मोठंच आहे. पण आवाजाच्या पहिल्या ओळीत मागणी असावी लागते, हे मला त्या दिवशी कळलं, आणि त्याचं ऋण सरांचं आहे. आजही लिहायला बसले की मी आधी तपासते की ज्याच्यासाठी ओरडतेय त्याला नेमकं काय हवंय हे मला ठाऊक आहे का. पुष्कळदा ठाऊक नसतं. मग मी उठते आणि विचारायला जाते.

सरांनी तक्ता पुन्हा बांधला. ह्या वेळी यंत्राशी त्यांची बरीच झटापट झाली. गावाची ओळ वेगळी, तांड्याची वेगळी, मधली रेघ ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पूर्ण. तांड्याच्या ओळीत टँकरच्या खणात काय लिहायचं यावर ते अडले. संजय म्हणाला, शून्य लिहा. सर म्हणाले, शून्य म्हणजे मोजून शून्य. कोनी मोजायलाच गेलं न्हाई. मी म्हणाले, आडवी रेघ मारा. ते म्हणाले, रेघेचा काय भरवसा, उद्या कोनी तिलाबी वरीलप्रमाणे समजंल. शेवटी त्यांनी लिहिलं: वर येत नाही. खण त्यामुळं रुंद झाला, तक्ता एका बाजूला फुगला, त्यांच्या जुन्या तक्त्यांपुढं अगदीच बेढब दिसू लागला. त्यांनी तो तसाच छापला.

तालुक्याच्या बैठकीला मी बाहेरच्या व्हरांड्यात पत्रक वाचून झाल्यावर आत जाऊन भिंतीशी उभी राहिले. साहेब वाईट नव्हते. मला वाईट साहेब हवे होते. माझं पत्रक तसंच लिहिलेलं होतं. पण हे साहेब थकलेले, घामेजलेले, समोर गावंच्या गावं मागण्या घेऊन बसलेली. त्यांनी आमचे दोन्ही तक्ते शेजारी-शेजारी ठेवले.

"आडे सर, हा तुमचाच, आणि हाही तुमचाच. ह्यात तांड्याला आहे, ह्यात नाही. मी कोणता खरा धरू?"

सर उभे राहिले. नाईक त्यांच्या शेजारी बसले होते आणि त्यांच्याकडं बघत नव्हते.

"कोनताच धरू नका, साहेब," सर म्हणाले. "पहिला मी टेबलावर बसून काढला, तो खोटा हाये. त्यात तांडा आणि गाव मी जोडलं, ते जोडलेलं नव्हतं. ती चूक माझी. पोरांची न्हाई, कॉलेजची न्हाई. दुसरा खरा हाये, पण खोटा कागद देनाऱ्याचा दुसरा कागद तुमी काहून मानावा? तांड्याच्या बाया बाहेर बसल्यात. त्यांना इचारा."

खोलीत कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी नाईकांच्या सुनेला आत बोलावलं आणि विचारलं. तिनं सांगितलं, नाईकांनी कॉलेजात सांगितलं होतं तितकंच: आधी गाव भरतं, मागून आम्ही गाळ शेंदतो.

त्यावर टँकरच्या ठेकेदाराचा माणूस उठला. वरचा चढ उभा आहे, भरलेली गाडी चढत नाही, मागं सरकली तर जबाबदार कोण, असं त्याचं म्हणणं. साहेबांनी पेन फिरवलं. म्हणाले, एक खेप तांड्याच्या नावानं वेगळी लिहितो. गाडी वर गेली तर रोज जाईल. पहिल्या दिवशी नाही गेली तर माझा इलाज नाही, ती पुन्हा गावच्या विहिरीत.

म्हणजे सगळं एका चढावर येऊन ठेपलं.

गाडी आली तेव्हा सकाळ होती आणि ऊन अजून पिवळं होतं. मी, संजय, गावातले बरेच जण चढाच्या पायथ्याशी उभे होतो. गावातल्यांना गंमत बघायची होती. ड्रायव्हर खाली उतरला, चढाकडं बघितलं, बिडी पेटवली. म्हणाला, मध्ये गिअर बदलताना थांबली की मागं येणार, लिहून देतो. वर, लिंबाखाली, तांड्याच्या बाया घागरी घेऊन रांगेत बसल्या होत्या. त्यांनी कुणाला हाक मारली नाही.

सरांनी रस्त्याकडेचा एक मोठा दगड उचलून पाहिला, टाकला, दुसरा उचलला. तो त्यांना बराबर वाटला. "तू थांबलास की मी चाकामागं लावतो," ते ड्रायव्हरला म्हणाले. "तू मागं बघूच नको." नाईक म्हणाले, एका चाकाला न्हाई जमायचं. त्यांनी धोतर खोचलं आणि दुसरा दगड घेतला. दोघं गाडीच्या मागं दोन्ही बाजूंना उभे राहिले, आणि त्या दिवसांत पहिल्यांदाच मी नाईकांना सरांकडं बघताना पाहिलं.

त्या जूनमध्ये मी शिकायला नांदेडला गेले आणि संस्थेनं सरांची बदली दुसऱ्या जिल्ह्यातल्या कॉलेजात केली. त्यानंतर आमची भेट नाही. दोन-तीन पत्रं आली, इत्यादी नसलेली. म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच सकाळी, पाठमोरं.

गाडी पहिल्या गिअरमध्ये रडत चढत होती. टाकीच्या झाकणातून पाणी हिंदकळून सरांच्या पाठीवर पडत होतं आणि शर्ट अंगाला चिकटला होता. थोडं जाऊन गाडी थांबली, हबकली, मागं आली. सर वाकले, दगड चाकामागं सारला आणि उठलेच नाहीत, हात दगडावर दाबून धरला. गाडी त्या दगडावर टेकली आणि थांबली. गिअर पडला, गाडी सुटली, सरांनी दगड उचलला आणि चालू लागले. पुन्हा थांबली, पुन्हा वाकले. असं करत गाडी वळणाशी गेली आणि दिसेनाशी झाली. सर दगड पोटाशी धरून तिच्यामागं वळणाआड गेले. थोड्या वेळानं वरून घागरींचा आवाज आला, एकावर एक, पितळेवर पितळ.